ग्लेनफार्क्लस 25: म्हातारी ओळखताना मी तोंडावर पडलो

ग्लेनफार्क्लस या स्कॉच व्हिस्कीची 25 वर्षं मुरलेली बाटली घरात येऊन महिना झाला तरी फोडायला निमित्त सापडत नव्हतं. शेवटी मेव्हणा आला तेव्हा फोडली. तो स्वतः घोटभरच घेतो, पण दुसऱ्याची परीक्षा घ्यायची त्याला भारी हौस. त्याच डिस्टिलरीची 15 वर्षांचीही माझ्याकडे होती. त्यानं मला खोलीबाहेर पिटाळलं, दोन ग्लास भरले, एकाच्या बुडाशी रबरबँड अडकवलं आणि हाक मारली, "दाजी, या. सांगा आता म्हातारी कुठली!"

रंगावरून ओळखू म्हटलं, तर पिवळ्या दिव्याखाली दोन्ही तांबूसच. ग्लेनफार्क्लसमध्ये रंगासाठी वरून कॅरमेल मिसळत नाहीत, सगळा रंग ती ज्यात मुरते त्या लाकडी पिंपांचा, ज्यांत आधी ओलोरोसो शेरी, म्हणजे गडद स्पॅनिश वाइन, असते. मग नाक.

रबरबँड नसलेला ग्लास लांबूनच बोलायला लागला. काळ्या मनुका, संत्र्याची वाळलेली साल, मागून जायफळ. दुसरा घुम्यासारखा बसून. दहा मिनिटं तसाच ठेवला, तेव्हा कुठे अक्रोड आणि जुन्या लाकडी पेटीचं झाकण उचलल्यावर येतो तो वास आला. मी ठामपणे पहिल्याकडे बोट दाखवलं. मेव्हण्यानं एवढं हसायचं काही कारण नव्हतं.

चूक माझीच, पण तिला कारण आहे. 15 वर्षांची 46 टक्के अल्कोहोलला भरलेली असते, 25 वर्षांची 43 ला. हे तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण जिभेवर कळतात. 15 तोंडात जाडसर, तेलकट पसरते. 25 सुरुवातीला मऊसूत, गोडसर, कोकोची आठवण देणारी. मग मध्येच पाय लटपटल्यासारखी पातळ होते आणि लगेच लाकूड पुढे येतं. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा तुरटपणा हिरड्यांवर चढतो. तो तुरटपणा मात्र संपता संपत नाही, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या घोटानंतर मला तो आवडायला लागला. ड्रॉपरनं दोनच थेंब पाणी घातलं: 15 आणखी खुलली, 25 जागीच बसली. हिच्यात पाणी घालू नका.

वयाचा आकडा म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय, चवीचे गुण नव्हेत. स्कॉटलंडात वर्षाला साधारण 2 टक्के दारू पिंपातून हवेत उडते. लाकूड देत राहतं, पण काय आणि किती द्यायचं ते आपल्याला विचारून देत नाही.

या घराण्याबद्दल मला माया आहे, तेही सांगून टाकतो. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली ही डिस्टिलरी जॉन ग्रँटनं 1865 मध्ये 511 पौंड 19 शिलिंगांना घेतली आणि ती आजही ग्रँटांकडेच आहे. बहुतेक डिस्टिलऱ्यांनी दारू गाळायच्या भट्ट्या वाफेवर नेल्या. यांनीही वाफ वापरून पाहिली, पण दारूचा पिंडच बदलतोय म्हणून पुन्हा थेट गॅसच्या आचेवर आले. तो दणकट पिंड आहे म्हणूनच पंचवीस वर्षांचं शेरीचं लाकूड ही पेलते. हलक्या दारूचं एव्हाना सरबत झालं असतं.

सकाळी दोन्ही रिकामे ग्लास तसेच टेबलावर होते. 15 च्या ग्लासात नुसता शिळा गोडवा. 25 च्या ग्लासात अक्रोड, चामडं, थोडी तंबाखू, सगळं जागच्या जागी. हे रात्री तोंडात मिळालं असतं तर मी हिला दहापैकी नऊ दिले असते. आता साडेसात, आणि 15 ला आठ. ज्यांना शेरीतली व्हिस्की नवीन आहे त्यांनी 25 च्या नादी लागू नये. ज्यांना जेवणानंतर एकच ग्लास तासभर पुरवायचा आहे त्यांनी जरूर घ्यावी.

माझी 25 अजून निम्म्याच्या वर आहे. 15 गेल्या आठवड्यात संपली.