ऑर्डरचं फुटबॉल किट: कापडाला पैकीच्या पैकी, नारिंगी काठावर पास

म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही जा, जर्सी छापून देणारं दुकान हमखास सापडतं. व्हॉट्सअॅपवर डिझाइन पाठवायचं, दुकानदार मॉकअप (जर्सी कशी दिसेल त्याचं चित्र) धाडतो, आगाऊ रक्कम भरली की काही दिवसांनी गठ्ठा हातात. उत्तर गोव्यातल्या अशाच एका दुकानातून एका गावच्या क्लबने करून घेतलेला संच इथे तपासला आहे: नारिंगी मुख्य जर्सी, हिरवी पर्यायी जर्सी, दोन्हींच्या शॉर्ट्स आणि स्टॉकिंग्ज, गोलकीपरचा वेगळा संच, आणि छातीवर सोनेरी काठाचा बॅज. सेवा म्हणून विचाराल तर शिलाई, माप आणि नंबर उत्तम. रंग जेमतेम. बॅज पहिल्या खेपेला नापास.

दुकानाची बाजूही आधी मांडायला हवी. यातले निम्मे दोष त्याच्या यंत्राच्या मर्यादेतून आले, निम्मे ऑर्डर देणाऱ्यांच्या ढिलाईतून. रंग कोणता, असं विचारल्यावर "आपला नारिंगी, एफसी गोवासारखा" (म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या गोव्याच्या क्लबसारखा) एवढंच सांगितलं तर दुकानदार बिचारा काय करणार?

गोव्यात क्लबचा रंग ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. वास्कोचा साळगावकर क्लब 1956 चा. हिरवा म्हटलं की साळगावकर, हे समीकरण जुन्या प्रेक्षकांच्या डोक्यात पक्कं आहे. 1998-99 ची राष्ट्रीय लीग याच क्लबने जिंकली आणि तो मान गोव्यात पहिल्यांदा आला. चर्चिल ब्रदर्स लाल, म्हणून 'रेड मशीन्स'. स्पोर्टिंग क्लब द गोवा 1999 पासून नारिंगी, टोपणनाव 'फ्लेमिंग ऑरेंज'. धेंपो म्हणजे 'गोल्डन ईगल्स', पाच राष्ट्रीय विजेतेपदांचा धनी. 2016 मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तिघेही आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली स्पर्धा) बाहेर पडले. धेंपो नंतर परतला, पण मधल्या काळात मोठ्या झालेल्या पोरांना गोव्याचा फुटबॉल रंग म्हणून एफसी गोवाचा नारिंगीच ठाऊक. त्यामुळे आता गावोगावचे क्लबही नारिंगीच मागतात, आणि नेमका हाच रंग या छपाईला सर्वांत जड जातो.

कारण साधं आहे. सबलिमेशनमध्ये, म्हणजे या छपाईत, डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात. मग तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून सुमारे 200 अंश सेल्सिअसला अर्धा-एक मिनिट दाबतात. शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते. म्हणूनच हा रंग तडकत नाही, सोलत नाही, आणि हाताला छपाईचा थर लागत नाही. पण शाया मूळच्या चारच: निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी. त्यांच्या मिश्रणातून मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत नारिंगी निघत नाही. निघतो तो एकतर विटकरी किंवा झेंडूच्या वाळलेल्या पाकळीसारखा. तपासलेल्या संचात विटकरी आला होता. भर उन्हात तो खपून जातो, पण संध्याकाळी दिव्याखाली लांबून लालच वाटतो, आणि समोरची टीम लाल घालून आली की पंचाईत. फ्लोरोसंट शाया वेगळ्या मिळतात आणि काही दुकानं त्या वापरतात. दर थोडा चढतो, पण नारिंगी हवा असेल तर तिथे काटकसर करू नका. फक्त एवढं ध्यानात ठेवा की झगझगीत शाई उन्हात इतरांपेक्षा लवकर विटते.

हिरव्याची गोष्ट उलटी. गडद हिरवा छान उतरला, अगदी जुन्या साळगावकरची आठवण व्हावी असा. गडबड झाली ती मूळ रंग ठरवताना. नमुना म्हणून दुकानात दिला होता एक जुना रंगीत फोटो, अल्बममधला. असे फोटो अंधारात राहिले तरी त्यांचा निळसर थर आधी उडतो आणि सगळं चित्र तांबूस होतं. फोटोतला हिरवा म्हणून तपकिरीकडे झुकलेला दिसतो. जुन्या फोटोवरून डिझाइन जरूर घ्या: कॉलर कसली होती, पट्टा किती रुंद होता, बॅज कोणत्या बाजूला होता. रंग मात्र कधीच घेऊ नका. जुनी जर्सी कुणाच्या कपाटात सापडली तर तिची शिवण आतून उलगडा. शिवणीत दुमडलेल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, खरा रंग तिथेच शिल्लक असतो. तो तुकडा दुकानात न्या आणि त्याच्या शेजारी ठेवून रंग जुळवून घ्या.

जुळवणी पडद्यावर नाही, कागदावर नाही, ज्या कापडाची जर्सी होणार त्याच कापडावर. एकाच रंगाच्या चार-पाच छटा चौकोनात छापून मागा. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे चारही शायांचे टक्के छापलेले हवेत. मग तो तुकडा दुकानाबाहेर नेऊन उन्हात बघा, पाण्यात भिजवून पुन्हा बघा. घामाने भिजलेलं पॉलिस्टर एक छटा गडद दिसतं. बहुतेक दुकानं हे करून देतात, पण आपण मागितलं तरच.

आता कॉलर. या संचातला सगळ्यांत खटकणारा दोष तोच. अंग नारिंगी, कॉलरची रिबही (ताणणारी विणलेली पट्टी) नारिंगी, पण दोन वेगळे नारिंगी. दहा फुटांवरून दिसावं इतकं अंतर. अंगाचं कापड दुकानात छापलेलं, रिब मात्र बाजारातून रंगवून आलेली तयार पट्टी. ती जुळणार कुठून? यावर दोन इलाज आहेत. एक, कॉलर आणि बाहीची पट्टीही त्याच कापडात छापून घ्या. मग ती रिबसारखी ताणत नाही, म्हणून गळा किंचित मोठा कापायला सांगायचा. दुसरा इलाज जास्त सोपा आणि दिसायलाही बरा: कॉलर मुद्दाम विरुद्ध रंगाची ठेवा, पांढरी किंवा गडद निळी. स्टॉकिंग्जलाही हेच लागू. त्या तयार रंगवलेल्याच मिळतात. नारिंगी जर्सीखाली तिसऱ्याच नारिंगीच्या स्टॉकिंग्ज घालण्यापेक्षा पांढऱ्या किंवा निळ्या बऱ्या. शॉर्ट्स जर्सीहून वेगळ्या विणीच्या कापडात केल्या तर तीच शाई तिथे वेगळी दिसते, हेही लक्षात असू द्या.

कापडावर मात्र बोट ठेवायला जागा नाही. जर्सीला 150 जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) डॉट निट, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या विणीचं कापड, काखेखाली आणि पाठीच्या वरच्या भागात मायक्रो मेश, म्हणजे बारीक जाळी. गोव्याच्या दमट हवेत 140 ते 160 हाच पट्टा योग्य. 120 च्या खाली गेलात की भिजल्यावर कापड अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. 180 च्या वर गेलात तर उत्तरार्धात खेळाडू जर्सी ओढत बसतात. शिवणी सपाट आहेत, टोचत नाहीत. बाजूच्या शिवणीत मात्र नीट पाहिलं तर सुईच्या भोकांतून पांढरं डोकावतं. छपाई कापडाच्या वरच्या बाजूलाच असते, आतून सगळं पांढरं, त्यामुळे शिवण ताणली की ते दिसणारच. धागा अंगाच्या रंगाचा घेतला तर हे निम्म्याने कमी होतं. इथे सगळीकडे पांढराच धागा मारला होता.

पट्ट्यांचं डिझाइन असेल तर आणखी एक सूचना. पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या सगळं वेगवेगळं छापून मग कापतात. आडवे पट्टे काखेखाली जुळले नाहीत तर टीम केविलवाणी दिसते. पट्टे सगळ्या मापांत एकाच रुंदीचे ठेवा आणि काखेच्या शिवणीपासून खाली मोजा, खांद्यापासून नको. खांद्याची उंची मापागणिक बदलते.

बॅज ही या परीक्षणातली खरी अडचण. क्लबने व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवला होता, तो वाटेत आकसला, आणि दुकानाने तोच ताणून छापला. काठ दातेरी, अक्षरं फुगलेली. बॅज एकदा व्हेक्टर फाइलमध्ये (कितीही मोठी केली तरी काठ न बिघडणारी) आखून घ्या. तो खर्च एकदाच असतो आणि ती फाइल क्लबकडे राहिली पाहिजे, दुकानाकडे नव्हे. शिवाय सबलिमेशनला सोनेरी शाईच नसते. सोनेरी म्हणून जे छापलं जातं ते मळकट पिवळं, फार तर त्यात पांढऱ्याची एक तिरीप. धेंपोसारखा गरुड छातीवर मिरवायची हौस असेल तर तो छापू नका, भरतकाम करून घ्या, जरीसारखा चकाकणारा धागा मिळतो.

भरतकामाचेही नियम आहेत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं धाग्यात गिचमिड होतात, एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा नाहीशी होते. डॉट निटवर थेट भरलं तर आजूबाजूचं कापड चुण्या घेतं. मागे लावलेलं अस्तर छातीला काचतं, नव्वद मिनिटांत कातडी सोलवटते. म्हणून बॅज वेगळ्या कापडावर भरून किंवा विणून घ्यायचा, मागे मऊ फिल्म लावायची आणि मग जर्सीवर शिवायचा. रुंदी सात-आठ सेंटिमीटर पुरे. दुसऱ्या खेपेला दुकानाने विणलेला बॅज दिला, तो उत्तम आहे. काठ वर्षभर उसवेल असं वाटत नाही.

नवा बॅज ठरवणाऱ्यांनी एफसी गोवाचं चिन्ह अभ्यासावं, नक्कल करायला नाही, निवड कशी करतात हे कळायला. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. तो बॅजवर आला आणि टीमला 'गॉर्स' (गव्याला इंग्रजीत 'गॉर' म्हणतात) हे नाव मिळालं. एकच प्राणी, ठळक आकार, लांबून ओळखू येणारा. (गव्याच्या पायांत निसर्गाचेच पांढरे मोजे असतात, फुटबॉल क्लबला याहून शोभणारं जनावर कुठलं?) गावच्या क्लबांचे बॅज पाहा: फुटबॉल, नांगर, देऊळ किंवा चर्च, माड, समुद्र, सूर्य, स्थापनेचं साल, वर घोषवाक्य. सात सेंटिमीटरमध्ये हे सगळं मावत नाही, त्याचा चिखल होतो. एक चिन्ह, दोन रंग आणि नाव, बस्स. दुकानदार मोठ्या क्लबचा बॅज फुकट छापून देतो म्हणाला तर नको म्हणा. तो त्या क्लबचा मालकीचा ठसा असतो.

नंबरांबद्दल दुकानाला शाबासकी. पाठीवरचा पांढरा नंबर त्यांनी वरून चिकटवला नाही, छपाईतच पांढरा सोडला. हे महत्त्वाचं का? लाल किंवा नारिंगी पॉलिस्टरवर पांढरा व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिकची पातळ फिल्म) 150 अंशांच्या आसपास दाबला की खालचा रंग पुन्हा वाफ होऊन वर शिरतो आणि नंबर गुलाबी पडतो. कधी लगेच, कधी जर्सी गाडीच्या डिकीत तापल्यावर. चर्चिलसारखी लाल जर्सी करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. नंबरची उंची 28 सेंटिमीटर आहे. फिफाच्या नियमावलीत पाठीवरच्या नंबराला 25 ते 35 सेंटिमीटर सांगितलेत, तेव्हा हे बसतं.

नियमांचा विषय निघालाच आहे तर: दोन्ही टीम एकमेकांपासून आणि रेफरीपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि दोन्ही गोलकीपर इतर सगळ्यांपासून. आतून लांब बाह्यांचा बनियन घातला तर तो बाहीच्या मुख्य रंगाचा किंवा हुबेहूब बाहीसारखाच हवा. शॉर्ट्सखालची घट्ट चड्डी शॉर्ट्सच्या मुख्य किंवा खालच्या काठाच्या रंगाची, आणि स्टॉकिंग्जवर गुंडाळलेली टेप स्टॉकिंग्जच्या रंगाची. वाड्यावरच्या स्पर्धेत कुणी बघत नाही, पण असोसिएशनच्या सामन्यात रेफरी बाहेर पाठवतो. म्हणून पर्यायी जर्सी ठरवताना नुसता वेगळा रंग नको, फिका-गडद फरकही हवा. नारिंगी आणि मध्यम हिरवा यांचा उजेड जवळजवळ सारखाच असतो, लाल-हिरवा न कळणाऱ्याला ते एकच दिसतात. या संचातला हिरवा गडद आहे, त्यामुळे निभावलं. पांढरा ठेवला असता तर जास्त बरं.

धुलाई. आपल्याकडची लाल माती म्हणजे लोहाचा गंज, ब्लीचने तो डाग जात नाही, उलट पक्का बसतो. माती आधी पूर्ण वाळू द्या, झटका, मग थंड पाण्यात उलटी करून साबणाने धुवा. कंफर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालू नका, त्याने धाग्यावर थर बसतो आणि घाम शोषणं थांबतं. पावसाळ्यात ओली जर्सी पिशवीत रात्रभर ठेवली की काळे ठिपके पडतात, आणि ते जात नाहीत. पंख्याखाली का होईना, त्याच रात्री वाळत घाला. इस्त्री बॅजवर फिरवू नका.

ऑर्डर देताना शेवटची गोष्ट, आणि बहुतेक क्लब इथेच फसतात. हंगामाच्या मध्यावर दोन नवे खेळाडू आले की दोन जर्सी पुन्हा छापायला जातात आणि त्या वेगळ्याच रंगाच्या येतात. शाईचा लॉट बदललेला असतो, कागद बदललेला असतो, प्रेसचं तापमान पाच अंशांनी इकडेतिकडे असतं. तेव्हा पहिल्याच खेपेला 22, 23, 24 असे रिकामे नंबर एल आणि एक्सएलमध्ये छापून ठेवा, आणि मंजूर केलेला कापडाचा तुकडा तारीख घालून सेक्रेटरीच्या फाइलला टाचा.