नकाशांसह हेरोडोटस : सात-आठ महिन्यांच्या वाचनानंतर

ग्रीक-पर्शियन युद्धांवरचे व्हिडिओ बघून पोट भरेना, म्हणून त्या युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक लेखकाच्या, हेरोडोटसच्या ‘इतिहासा’ची नकाशे आणि टिपा असलेली जाडजूड इंग्रजी आवृत्ती घेतली. रात्री थोडं थोडं वाचत, मध्ये खंड पाडत, नऊही भाग संपवले. आता आवडलेले भाग दुसऱ्यांदा चालू आहेत.

लढायांसाठी घेणार असाल तर धीर लागेल. मॅरेथॉन (इ.स.पू. 490) येते थेट सहाव्या भागात. थर्मोपिलीची लढाई सातव्यात, सॅलमिसची आठव्यात, प्लाटियाची नवव्यात. त्याआधी लिडियाचा राजा क्रीसस, पर्शियाचा राजा सायरस, अख्खा इजिप्त, शकांचा मुलूख. कीर्तन ऐकलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटेल : पूर्वरंग लांबलाय आणि आख्यानाला अजून वेळ आहे. फक्त हे बुवा आख्यान रंगात आल्यावरही आडवाटेला जातात. माझ्या मते पुस्तकाचा जीव त्या आडवाटांतच आहे. तिसऱ्या भागात पर्शियाचा राजा दरायस आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे घेऊन बापाचं प्रेत खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग त्यांच्यासमोरच तो कॅलाटी नावाच्या हिंदी लोकांना विचारतो, किती घेऊन बापाला जाळाल? ते किंचाळतात, असलं अभद्र बोलू नका! त्यांच्यात मृत आईबापांना खायची रीत. ज्याला त्याला आपलीच रीत श्रेष्ठ, एवढं सांगून लेखक पुढे जातो. शत्रूच्या राजाच्या तोंडी असा प्रसंग घालणारा माणूस युद्धाचा इतिहास लिहितोय, हे मला फार आवडलं.

युद्धांचे भागही डोक्यातल्या चित्रापेक्षा वेगळे निघतात. मॅरेथॉनहून अथेन्सला विजयाची बातमी घेऊन धावत येणारा आणि कोसळणारा तो प्रसिद्ध धावपटू इथे नाहीच. इथला धावपटू लढाईआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो, दुसऱ्या दिवशी पोचतो, आणि स्पार्टावाले सांगतात, पौर्णिमा होईपर्यंत निघता येणार नाही. मेलेल्यांचे आकडे अथेन्सचे 192, पर्शियनांचे 6,400. हे निदान विचार करण्याजोगे. दरायसचा मुलगा झर्क्सिस याच्या स्वारीत मात्र नोकरचाकर धरून 52,83,220 माणसं! इथे तळटिपा कामाला येतात, नाहीतर नवखा वाचक खरं मानून बसेल.

त्या फौजेच्या यादीत सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकांचे वेताचे बाण घेतलेले हिंदी सैनिक भेटतात. पुढे इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियाच्या रणांगणावरही ते पर्शियन सेनापती मार्डोनियसच्या बाजूने उभे आहेत. आपल्या शाळेच्या पुस्तकात ग्रीक म्हटलं की एकदम सिकंदर, त्यामुळे हे वाचताना मी थबकलो.

सॅलमिसच्या आरमारी लढाईचा भाग सर्वांत सरस. लॉरियमच्या खाणीतली चांदी नागरिकांत वाटून टाकायच्या बेतात असलेल्या अथेन्सला तिथला पुढारी थेमिस्टोक्लीज जहाजं बांधायला लावतो, तेही शेजारच्या इजायना बेटाशी असलेल्या भांडणाचं कारण पुढे करून. लढाईच्या आदल्या रात्रीपर्यंत ग्रीक सरदारांची इथे लढायचं की पळायचं यावर हमरीतुमरी. थीब्ज हे ग्रीक शहर तर पर्शियाच्या बाजूला. ‘सगळा ग्रीस एक झाला’ वगैरे काही नाही. आणि हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया, झर्क्सिसच्या बाजूची, पाठलाग चुकवायला आपल्याच पक्षाचं जहाज बुडवते, वर ते शत्रूचं समजलेल्या राजाकडून शाबासकी मिळवते. हेरोडोटस त्याच गावचा. तिच्याबद्दल लिहिताना त्याची लेखणी जरा खुलते, हे लपत नाही.

आता तक्रार. मलपृष्ठावर अथेन्सच्या सुवर्णकाळाचं गाजर दाखवलंय, पण ग्रंथ सेस्टॉस शहराच्या वेढ्यापाशी, म्हणजे इ.स.पू. 479-78 च्या सुमारास थांबतो. पुढचं सगळं परिशिष्टात उरकलंय. नाटककार एस्किलस स्वतः मॅरेथॉनला लढलेला. त्याने सॅलमिसनंतर आठच वर्षांनी, 472 मध्ये, ‘पर्शियन’ हे नाटक आणलं आणि हरलेल्या शत्रूच्या दरबारातला आक्रोश अथेन्सच्या प्रेक्षकांना ऐकवला. त्याचा खर्च पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लीजने उचलला होता. यावर जेमतेम एक परिच्छेद! पार्थेनॉनचं देऊळ (447 ते 432) पर्शियनांनी जाळलेल्या ॲक्रोपोलिस टेकडीवर उभं राहिलं, हे सांगितलंय. पण पर्शियाविरुद्ध म्हणून जमवलेला मित्रराज्यांचा खजिना 454 मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवला गेला आणि युती सोडू पाहणाऱ्या नॅक्सॉस बेटाला बळाने दडपलं गेलं, हे एका वाक्यात. त्या बहराचा पैसा कुठून आला हे झाकून नुसता संगमरवर दाखवणं मला पटत नाही.

नकाशे उत्तम, जवळपास प्रत्येक गाव सापडतं. ई-पुस्तकाच्या वाटेला जाऊ नका, लहान पडद्यावर नकाशातली अक्षरं वाचताच येत नाहीत. छापील प्रत पोटावर ठेवून वाचण्याजोगी नाही, आणि माझ्या प्रतीचा कणा दोन-तीन महिन्यांतच सुटायला लागला. पाचपैकी चार तारे, एक बांधणी आणि परिशिष्टासाठी कापला. युद्धानंतरच्या पन्नास वर्षांसाठी ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजच्या इतिहासाचा पहिला भाग आणि प्लुटार्कचं पेरिक्लीज-चरित्र सोबत मागवा. दोन्ही मिळून याच्या पाव जाडीचीही होणार नाहीत.