खऱ्यासारखं अवकाशउड्डाण: ऑर्बिटर जुळवायचं की कर्बल?

संगणकावर अवकाशउड्डाण शिकायला कर्बल स्पेस प्रोग्रॅम (पुढे नुसतं कर्बल) हा खेळ आणि ऑर्बिटर हा सिम्युलेटर आहे. कर्बल जसा येतो तसाच चालवला, तर कक्षेत जायला सुमारे ३,४०० मी/से डेल्टा-व्ही (यानाला द्यावा लागणारा एकूण वेगबदल) पुरतो. खऱ्या पृथ्वीवरून खालच्या कक्षेत जायला ९,४०० च्या आसपास लागतो. कर्बलमधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किमी, आपल्या पृथ्वीची ६,३७१. ऑर्बिटरचं नेमकं उलट आहे. तिथे पृथ्वी पहिल्या दिवसापासून खऱ्या मापाची, पण सोबत मिळणारं डेल्टा-ग्लायडर हे यान इतकं ताकदवान की कक्षेत पोचल्यावरही टाकी बऱ्यापैकी भरलेली असते. थोडक्यात, एकात जग खोटं आणि दुसऱ्यात यान खोटं. अ‍ॅड-ऑन (वरून जोडायचे जादा भाग) बसवायचे ते हे खोटेपण घालवायला. कुठलं आधी घालवायचं, त्यावर निवड ठरते.

मात्र त्याआधी मशीन आणि नेट बघावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडे बहुतेक ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असतो आणि नेट म्हणजे मोबाइलचा दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक. त्यावर "डाउनलोड होऊलालंय" म्हणत आठवडा सहज जातो.

ऑर्बिटर: यान चालवायला शिकायचं असेल तर

मार्टिन श्वायगर यांनी २००० साली आणलेला हा सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे. २०२१ पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे. अडचण एकच, तो फक्त विंडोजवर चालतो. ऑर्बिटर २०१६ हा ३२-बिट प्रोग्रॅम असल्यामुळे ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवरही निभावतो. २०२४ ची आवृत्ती घेतली तर ग्राफिक्स क्लायंट (चित्र दाखवणारा भाग) आणि आवाजाचं एक्सआरसाउंड आतच मिळतं. २०१६ वर ते हातानं बसवायचं.

२०१६ ची जुळणी या क्रमानं करा. झिप फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये उघडू नका. विंडोज तिथे लिहायला अडवतं, मग सेटिंग जतन होत नाहीत आणि दोष अ‍ॅड-ऑनला जातो. डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा. मग डी३डी९ हा ग्राफिक्स क्लायंट त्याच फोल्डरवर उघडा. त्याला डायरेक्टएक्सचं जून २०१० चं रनटाइम (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली) लागतं. विंडोज १० किंवा ११ मध्ये नवं डायरेक्टएक्स आहे म्हणून ते टाळता येत नाही. पुढे नेहमीच्या ऑर्बिटर.ईएक्सई ऐवजी ऑर्बिटर_एनजी.ईएक्सई सुरू करून मॉड्यूल्स टॅबमध्ये डी३डी९ क्लायंटवर खूण करा, की व्हिडिओ टॅब जिवंत होतो. शेवटी एक्सआरसाउंड. ऑर्बिटरसाउंड ४.० हे जुन्या आवृत्त्यांसाठी होतं, २०१६ वर त्याच्या नादी लागू नका.

पॅरामीटर्स टॅबमध्ये 'कॉम्प्लेक्स फ्लाइट मॉडेल', 'लिमिटेड फ्युएल' आणि 'नॉनस्फेरिकल ग्रॅव्हिटी' या तिन्हींवर खूण हवी. तिसरी नसेल तर पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तामुळे कक्षेचं प्रतल जे हळूहळू सरकतं, ते सरकतच नाही.

अ‍ॅड-ऑन चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: झिप उघडताना एक जादा फोल्डर तयार होतो. कॉन्फिग, मॉड्यूल्स, मेशेस, टेक्स्चर्स ही फोल्डरं थेट ऑर्बिटरच्या मूळ फोल्डरात मिसळली पाहिजेत. अ‍ॅड-ऑनच्या नावाच्या फोल्डरात अडकली की यान यादीत दिसत नाही. दुसरं कारण व्हिज्युअल सी++ रनटाइम नसणं. तेव्हा ऑर्बिटर.लॉग उघडून शेवटच्या दहा ओळी वाचा, कुठली डीएलएल (प्रोग्रॅमची जोडफाइल) लोड झाली नाही ते तिथे लिहिलेलं असतं. तिसरं कारण वयाचं आहे. २०१६ मध्ये जमिनीला उंचसखलपणा आला, त्यामुळे २०१० काळातले तळ कुठे हवेत तरंगतात, कुठे डोंगरात गाडले जातात. उतरलेलं यान सीन सुरू होताच उडी मारत असेल तर अ‍ॅड-ऑन त्याच काळातला समजा.

मग बसवायचं काय? एक्सआर यानांचा ताफा देखणा आहे आणि यंत्रणा शिकायला चांगला, पण ती कल्पनेतली यानं आहेत. खऱ्यासाठी नॅस्प. अपोलोचं आख्खं कॉकपिट आणि त्यातल्या संगणकाचं अनुकरण, ज्यावर मूळ अपोलो प्रोग्रॅम चालतात. प्रोग्रॅम बदलायचा तर व्हर्ब ३७ दाबून एंटर, मग प्रोग्रॅमचा क्रमांक, पुन्हा एंटर. नॅस्पची जी आवृत्ती घ्याल तिला तिच्यासोबत सांगितलेलीच ऑर्बिटरची आवृत्ती लागते. म्हणून नॅस्पसाठी ऑर्बिटरची वेगळी कोरी प्रत ठेवा, एक्सआरवाल्या प्रतीत ते मिसळू नका.

इथे कौशल्य कशाला म्हणतात ते फ्लोरिडातल्या केनेडी तळाहून अवकाश स्थानकाकडे जाताना कळतं. स्थानकाच्या कक्षेचा कल (विषुववृत्ताशी कोन) ५१.६ अंश, केनेडी २८.५ उत्तर अक्षांशावर. कलाच्या कोसाइनला अक्षांशाच्या कोसाइननं भागलं की उत्तरेपासून मोजलेल्या दिशाकोनाचा साइन मिळतो; तो कोन ४५ अंश येतो. पृथ्वीच्या फिरण्यानं तिथे पूर्वेकडे मिळणारे सुमारे ४०९ मी/से वजा केले की प्रत्यक्ष धरायचा कोन ४३ च्या जवळ येतो. वेळही पाळावी लागते. नकाशा एमएफडीवर (कॉकपिटमधल्या नकाशाच्या पडद्यावर) तळ स्थानकाच्या कक्षारेषेखाली येईपर्यंत थांबायचं. चार मिनिटं उशीर झाला तर पृथ्वी एक अंश पुढे जाते, दोन प्रतलांत पाऊण अंशाच्या वर फरक पडतो आणि तो कक्षेत जाऊन मिटवायला शंभरेक मी/से जातात. डेल्टा-ग्लायडरला त्याचं काही वाटत नाही, म्हणून त्याच्यावर हे शिकणं होत नाही.

कर्बल: रॉकेट बांधायला शिकायचं असेल तर

कर्बल विकत घ्यावा लागतो. शेवटची आवृत्ती १.१२.५, जानेवारी २०२३ ची. दुसरा भाग या कामासाठी विचारात घेऊ नका, खालचे मॉड (कर्बलचे अ‍ॅड-ऑन) पहिल्याच भागाचे आहेत. विंडोजशिवाय लिनक्सवरही चालतो, त्यामुळे घरी उबुंटू असलेल्यांचा निर्णय इथेच होतो.

रिअल सोलर सिस्टिम ग्रह खऱ्या मापाचे करतं, रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल इंजिनं-टाक्या खऱ्या करतं, आणि आरपी-१ त्यावर पैसा, वेळ आणि संशोधनाची बंधनं घालतं. नवख्यानं आरपी-१ ला लगेच हात घालू नये. आधी सँडबॉक्समध्ये एक उपग्रह कक्षेत ठेवून बघावा.

रॅम १६ जीबी हवी. ८ जीबीवर २०४८ पिक्सेलचे टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) घेऊन उघडतं, पण एसएसडी नसेल तर पहिलं लोडिंग जीव खातं, कारण मॉड्यूल मॅनेजर हा मॉड हजारो पॅच (फाइलींतले बदल) लावत असतो. पॅच पूर्ण लागल्यावरच त्याची साठवण होते, पुढच्या वेळी ते लवकर उरकतं. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. खानापूरकडे पावसाळ्यात डेस्कटॉपवर हे करायचं तर यूपीएस लावूनच बसा.

स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या फोल्डरात काही बसवू नका. अख्खा खेळ उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, स्टीमशिवाय चालतो. मग सीकॅन हा मॉड बसवणारा प्रोग्रॅम सुरू करून ती प्रत दाखवा, सुसंगत आवृत्त्यांत १.८ ते १.१२ वर खुणा करा आणि रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल निवडा. कॉपर्निकस (ग्रहमाला बदलणारा), रिअल फ्युएल्स (इंधनाचा), 'फार' (हवेच्या रोधाचा) वगैरे मॉड तो स्वतः ओढून घेतो. टेक्स्चर पॅक मात्र एकच निवडायचा. हातानं झिप उघडून गेमडेटा फोल्डरात टाकायची सवय असेल तर ती इथे सोडा. कॉपर्निकसची आवृत्ती जुळली नाही की ग्रहमाला लोड झाली नाही अशी सूचना येते, आणि तशा स्थितीत जुना सेव्ह उघडला तर तो बिघडू शकतो. भागाच्या नावात 'नॉन-आरओ' (रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉलनं न बदललेला) दिसलं तर तो भाग वापरू नका, त्याचे आकडे कर्बिनचे आहेत.

उडताना नवख्यांचं हमखास एकाच ठिकाणी चुकतं. पहिला टप्पा सुटतो, दुसऱ्याचं इंजिन पेटत नाही. टाकीतलं इंधन तरंगत असतं, नळीत वायू शिरतो आणि पेटण्याची जी एकच संधी होती ती वाया जाते. उपाय म्हणजे छोट्या घन मोटरी किंवा आरसीएसनं (यान वळवायच्या छोट्या झोतांनी) आधी काही सेकंद पुढे ढकलायचं, इंधनाची स्थिती 'स्टेबल' दिसली की मगच पेटवायचं. शिवाय बहुतेक इंजिनांचा जोर कमी-जास्त होत नाही, म्हणून मेकजेब या ऑटोपायलट मॉडमध्ये चढाईसाठी पीव्हीजी ही पद्धत निवडा.

आकडेमोडीचं एक उदाहरण. समजा वरचा क्रायोजेनिक टप्पा: इंधन २८ टन, कोरडं वजन ५ टन, वर ३.९ टनाचा उपग्रह, विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती चांगलं वापरतं त्याचं माप) ४४३ सेकंद. भरलेलं वजन ३६.९, रिकामं ८.९, भागाकार ४.१५, त्याचा नैसर्गिक लॉग १.४२. त्याला ४४३ आणि ९.८१ नं गुणा: सुमारे ६,१८० मी/से. उपग्रह एक टनानं वाढवून पुन्हा मांडा. ५,८३० च्या आसपास येईल. साडेतीनशेचा फटका एका टनाला, आणि तो खालच्या टप्प्यांतून भरून काढायचा. हे गणित ऑर्बिटरमध्ये करायची वेळ सहसा येत नाही, कर्बलमध्ये रोज येते. तळ म्हणून श्रीहरिकोटाही निवडता येतो. तिथून ध्रुवीय कक्षेकडे निघालात की श्रीलंका आडवी येते आणि पीएसएलव्हीसारखं वळण घेण्यात किती इंधन जातं ते आकड्यांत दिसतं.

मग घ्यायचं कुठलं

८ जीबी आणि मोबाइल नेट असेल तर ऑर्बिटर, यावर वाद नको. मूळ पॅक आणि एखादा अ‍ॅड-ऑन एवढ्यावर महिना जातो. १६ जीबी, एसएसडी आणि ६० जीबी मोकळी जागा असेल, आणि उद्यमबागच्या कारखान्यांत किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस पट्ट्यात काम करायचं डोक्यात असेल, तर कर्बल. वजनाचा प्रत्येक किलो कुठून येतो ते तिथे कळतं. दोन्ही एकदम सुरू केलेल्यांचं एकही नीट बसत नाही.

डाउनलोड एकानं करून बाकीच्यांनी कॉपी करणं शहाणपणाचं. सीकॅनच्या सेटिंगमध्ये कॅशे (उतरवलेल्या फाइली साठवायच्या) फोल्डरचा पत्ता असतो. तेवढं फोल्डर मित्राच्या सीकॅनच्या कॅशेत टाकलं की त्याच आवृत्त्यांचे मॉड तो नेटवरून पुन्हा उतरवत नाही. ऑर्बिटरचे उच्च दर्जाचे टेक्स्चर काही दहा जीबींच्या घरात जातात आणि त्यांतल्या .ट्री फाइली ४ जीबीपेक्षा मोठ्या असतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर जागा असूनही 'फाइल टू लार्ज' म्हणून कॉपी अडते. खडेबाजारातून नवा पेनड्राइव्ह आणण्याआधी आहे तोच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून बघा.