नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या गॅस लाइनवर फिशर १०९८-ईजीआर: घ्यावा की नाही?

भट्टी एकच असेल आणि बर्नर दिवसभर एकाच ज्योतीवर चालत असेल, तर हा रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर उतरवून स्थिर ठेवणारं यंत्र) घेऊ नका. साधा स्प्रिंगचा रेग्युलेटर स्वस्त पडतो, त्यात बिघडायला फारसं काही नसतं आणि कुठलाही फिटर तो उघडून साफ करू शकतो. पण एकाच हेडरवर, म्हणजे सामायिक मुख्य पाइपावर, बॉयलर, ओव्हन आणि पावडर कोटिंगची लाइन जोडलेली असेल आणि बॉयलर पेटला की ओव्हनची ज्योत बसत असेल, तर पायलट रेग्युलेटरशिवाय इलाज नाही. त्या प्रकारात १०९८-ईजीआर हे जुनं, परखलेलं यंत्र आहे.

ज्योत का बसते ते आधी पाहू. साध्या रेग्युलेटरमध्ये डायफ्रामला एका बाजूनं स्प्रिंग ढकलते, दुसऱ्या बाजूनं आउटलेटचा गॅस. मागणी वाढली की झडप जास्त उघडायला हवी. झडप उघडली की स्प्रिंग सैल होते आणि सैल स्प्रिंगचा जोर कमी पडतो. त्यामुळे भरल्या लोडवर प्रेशर सेटिंगच्या खालीच स्थिरावतं. याला ड्रूप म्हणतात, आणि १० ते २० टक्के ड्रूप हा दोष मानत नाहीत, तो त्या बनावटीचा स्वभावच आहे. ०.५ बारचं ०.४ बार झालं तर बर्नरला जाणारा गॅस साधारण १० टक्क्यांनी घटतो. चहाच्या भांड्याला त्यानं फरक पडत नाही, पावडर कोटिंगच्या ओव्हनला पडतो.

१०९८-ईजीआरमध्ये मोठी झडप स्वतः काही ठरवत नाही. ठरवतो तो बाजूला लावलेला मुठीएवढा पायलट. इनलेटचा थोडा गॅस फिल्टरमधून पायलटकडे येतो. पायलटच्या डायफ्रामवर वरून स्प्रिंग आणि खालून सेन्सिंग लाइननं आणलेलं आउटलेट प्रेशर. आउटलेट किंचित पडलं की पायलटची झडप केसभर उघडते आणि लोडिंग गॅस खालच्या मोठ्या ॲक्चुएटरमध्ये शिरतो. तिथला रुंद डायफ्राम मुख्य स्प्रिंगला न जुमानता झडप उघडतो. मागणी कमी झाली की पायलट बंद होतो आणि ॲक्चुएटरमधला गॅस एका बारीक छिद्रातून आउटलेटच्या पाइपात निघून जातो. मुख्य स्प्रिंग मग झडप मिटवते. पायलटच्या स्प्रिंगला हलावंच लागत नाही म्हणा ना, म्हणून तिचा जोरही बदलत नाही. ड्रूप एक-दोन टक्क्यांवर येतो तो याच कारणानं. सुटलेला गॅस हवेत जात नाही, पाइपातच जातो, ही या बनावटीची मोठी जमेची बाजू.

दुसरी जमेची बाजू मेंटेनन्सवाल्यांना लगेच पटेल. झडपेचं पोट वरून उघडतं. वरचं फ्लँज काढलं की सीट, प्लग, केज सगळं हातात येतं, बॉडी लाइनवरून उतरवावी लागत नाही. फ्लँजवरच्या इंडिकेटरवर झडप किती उघडी आहे तेही दिसतं.

पायलट निवडताना बरेच जण फसतात. ६३५२ हा पायलट साधारण ३५ मिलिबार ते ०.७ बारसाठी, ६३५३ साधारण ०.२ ते ८.६ बारसाठी. बर्नर लाइन ०.३ बारवर चालवायची तर दोन्ही कागदावर चालतात, पण घ्यावा ६३५२. स्प्रिंगची रेंज जितकी अरुंद, तितकं सेटिंग बारीक जमतं. आणि बॉडी पाइपाच्या साइझवरून कधीच निवडू नका. ३ इंची लाइन म्हणून ३ इंची रेग्युलेटर घेतला की कमी लोडवर झडप सीटला चिकटून थरथरते आणि प्रेशर डोलायला लागतं. सर्वात कमी आणि सर्वात जास्त फ्लो, तसंच सर्वात कमी इनलेट प्रेशर, हे तीन आकडे पुरवठादाराला लेखी द्या. इनलेट आणि आउटलेटमध्ये किमान फरक लागतोच. मुख्य स्प्रिंग जितकी कडक, तितका तो जास्त. सिलिंडरांच्या बँकेचं प्रेशर हिवाळ्यात पहाटे पडतं, तेव्हाचा आकडा धरा, मे महिन्यातला नाही.

बसवण्यात सेन्सिंग लाइनला सगळ्यात जास्त महत्त्व. तिचं टॅपिंग, म्हणजे मुख्य पाइपाला जोडायची जागा, रेग्युलेटरपासून पाइपाच्या व्यासाच्या ८ ते १० पट पुढे, सरळ तुकड्यात घ्या. एल्बो किंवा रिड्यूसरजवळ घेतलं तर पायलटला घुसळणाऱ्या गॅसचं खोटं प्रेशर कळतं. लाइनवर व्हॉल्व्ह लावायचाच तर पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह अजिबात नको. डोलणारं प्रेशर शांत करायला फिटर हमखास नीडल व्हॉल्व्ह चिमटतात आणि डोलणं आणखी वाढतं. ट्यूबिंगचा उतार मुख्य पाइपाकडे ठेवा. एलपीजीची वाफ डिसेंबरच्या रात्री ट्यूबमध्ये द्रव होऊन साचू शकते, आणि खळग्यात साचली की सकाळी रेग्युलेटर वेड्यासारखा वागतो.

सुरू करताना आधी सेन्सिंग लाइनचा व्हॉल्व्ह उघडा. तो बंद राहिला तर पायलटला आउटलेट शून्य दिसतं, तो मुख्य झडप सताड उघडतो आणि इनलेटचं सगळं प्रेशर बर्नरवर जातं. मग पायलटचा स्क्रू सैल करून इनलेट व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, एखादा बर्नर चालू ठेवून स्क्रू थोडा थोडा आवळत सेटिंगवर या. शेवटी सगळे बर्नर बंद करून १० मिनिटं गेज पाहा. प्रेशर किंचित चढून थांबलं तर लॉकअप (झडप पूर्ण मिटणं) ठीक. चढतच राहिलं तर सीटवर घाण किंवा वेल्डिंगची कीट आहे.

बिघाडाची दिशा कळली तर अर्धं काम होतं. पायलटचा फिल्टर तुंबला की लोडिंग मिळत नाही, आउटलेट प्रेशर पडतं. मुख्य डायफ्राम फाटला तरी पडतं, कारण दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होऊन स्प्रिंग झडप मिटवते. उलट सेन्सिंग ट्यूब तुटली किंवा ते बारीक छिद्र बुजलं तर प्रेशर चढतं, आणि हेच धोक्याचं. पायलटच्या व्हेंटपाशी (हवेसाठीच्या भोकापाशी) गॅसचा वास आला तर त्याचा डायफ्राम गेला असं धरा. प्रेशर चढण्याच्या धोक्यासाठी रेग्युलेटरच्या आधी स्लॅम शट, म्हणजे प्रेशर चढलं की गॅस तोडणारी झडप, हवाच, आणि त्याचं सेन्सिंग वेगळ्या टॅपिंगवरून. एकाच ट्यूबवर दोघं जोडले की ट्यूबबरोबर दोघंही आंधळे होतात.

नागपुरात तीन गोष्टी वेगळ्यानं छळतात. एलपीजीतला तेलकट गाळ पायलटच्या सीटवर बसतो, म्हणून फिल्टरचं एलिमेंट पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी उघडून बघा, मग अंतर ठरवा. ४५ अंशांच्या उन्हात नायट्रिल रबर लगेच जात नाही, त्याची मर्यादा ८२ अंशांपर्यंत आहे, पण रोज भाजून ते कडक होतं. वर पत्र्याचं छप्पर टाका, स्टेशन चारी बाजूंनी बंद मात्र करू नका. आणि तिसरी गोष्ट कुंभारमाशी. व्हेंटच्या भोकात ती मातीचं घर बांधते, व्हेंट बुजला की पायलट गुदमरतो. व्हेंटचं तोंड खाली ठेवा, जाळी लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर काडी घालून तपासा.

डायफ्राम, ओ-रिंग, सीट आणि पायलटचं रिपेअर किट रेग्युलेटरसोबतच मागवा. बल्क टाकीची परवानगी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय इथंच सेमिनरी हिल्सवर आहे, त्यामुळे मंजूर ड्रॉइंगमध्ये एक आणि लाइनवर दुसराच रेग्युलेटर, असा प्रकार तर करूच नका.

यंत्राला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण बाहेर लोंबणाऱ्या ट्यूबिंगचा कापला. फोर्कलिफ्ट फिरते तिथं त्या ट्यूबपुढे लोखंडी गार्ड लावल्याशिवाय गॅस सोडू नका.