फॅमिलीसर्च: इंदुरात बसून अमेरिकेतली जुनी खरेदीखतं वाचायची तर

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग भागातल्या मराठी घरांत सून किंवा जावई अमेरिकेतला असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांची वंशावळ मांडायला बसलं की आपली बाजू कुलवृत्तान्त, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आणि घरातले मोडी कागद यांच्या आधाराने बरीच मागे जाते. दुसरी बाजू मात्र ‘त्यांचे पूर्वज टेनेसीत शेती करायचे’ इथेच थांबते. ती बाजू घरबसल्या, एक रुपयाही न भरता अठराव्या शतकात नेऊन पोचवणारी सेवा म्हणजे फॅमिलीसर्च. पण ती कशी वापरावी यावर सगळं अवलंबून आहे, कारण या एका संकेतस्थळात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एकीवर भरवसा ठेवू नये आणि दुसरीला तोड नाही.

भरवसा ठेवू नये ती वस्तू म्हणजे तयार वंशवृक्ष. जगभरातले सभासद मिळून एकच झाड वाढवतात आणि त्यात कोणीही बदल करू शकतो. त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं एक झालेली आणि मुलाच्या जन्मानंतर आईचा जन्म झालेला, असले प्रकार तिथे सापडतात. झाड सूचना म्हणून पाहावं, पुरावा म्हणून नाही. दुसरी वस्तू म्हणजे मूळ दप्तरांची छायाचित्रं. हे काम चालवणाऱ्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चने १८९४मध्ये वंशावळीची संस्था काढली आणि १९३८पासून गावोगावच्या कचेऱ्यांतली दप्तरं मायक्रोफिल्मवर उतरवली. ही सुमारे २४ लाख रिळं युटा राज्यात ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवली आहेत आणि २०२१मध्ये त्यांचं डिजिटल रूपांतर पुरं झालं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांनी अशाच टिपल्या आहेत. अमेरिकी काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, खरेदीखतांची बुकं आणि विवाहनोंदी याच ठेव्यात आहेत. आमची सगळी शिफारस या पानांपुरती आहे.

खरेदीखतंच का, तर जनगणना फार उशिरा कामाला येते. अमेरिकेची पहिली जनगणना १७९०ची, आणि १८५०च्या आधीच्या जनगणनांमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे नुसते आकडे. व्हर्जिनियाची १७९०ची मूळ जनगणना तर हरवलेलीच आहे. जमीन मात्र प्रत्येकाला हवी होती, आणि त्या काळी शेतकऱ्याला ती मिळणंही तुलनेने सोपं होतं. त्यामुळे जिथे माणूस थांबला तिथे कागद झाला. इंदुरात आपण ज्याला रजिस्ट्री म्हणतो त्याच धर्तीचा हा कागद. लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं ओळखीचं. आपल्याकडची जुनी खरेदीखतं वाचलेल्या माणसाला इंग्रजी मजकुराचा बाऊ वाटायला नको.

शोधाच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट कॅटलॉगची. स्थळाच्या रकान्यात काउंटीचं नाव टाकायचं, पुढे जमीन-मालमत्तेचा विभाग उघडायचा, तिथे लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची अशा दोन सूची मिळतात. दोन्ही पाहाव्यात. सूचीतून बुकाचा क्रमांक आणि पान घ्यायचं, मग ते बुक उघडायचं. नवी वाट २०२४पासूनची, संपूर्ण मजकुराच्या शोधाची. यंत्राने हस्ताक्षर वाचून काढलेल्या मजकुरात थेट शब्द शोधता येतात. नाव अवतरणचिन्हांत टाकलं तर ते सलग शोधलं जातं, शब्दाआधी अधिकचं चिन्ह टाकलं तर तो शब्द असलेलीच पानं येतात. सुरुवातीलाच अमेरिकेतली जमिनीची आणि मृत्युपत्रांची दप्तरं त्यात घेतली गेली, हे या विषयाचं भाग्यच. सूचीत कधीच न आलेले साक्षीदार, शेजारी, मुखत्यार आता सापडतात. पण यंत्र जुना लांब ‘एस’ हा ‘एफ’ समजतं आणि आडनावं भलतीच वाचतं. म्हणून शोधात काही आलं नाही तर ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नये. कॅटलॉगच्या वाटेने सूची डोळ्यांनी वाचावीच.

आडनावांचं आणखी एक. पेनसिल्व्हेनियात उतरलेल्या जर्मन घराण्यांची म्युलरची मिलर झाली, श्नायडरची स्नायडर किंवा टेलर, त्सिमरमनची कार्पेंटर. एकाच माणसाची तीन रूपं तीन बुकांत असतात, तेव्हा उच्चार आणि भाषांतर या दोन्ही अंगांनी शोध घ्यावा.

सगळ्यात जास्त माणसं जिथे फसतात ते ठिकाण म्हणजे काउंटीच्या बदलत्या हद्दी. व्हर्जिनियात न्यू रिव्हरच्या काठी एखादं कुटुंब १७६०पासून १७८०पर्यंत एकाच शेतावर राहिलं, तरी त्याचे कागद आधी ऑगस्टा, १७७०पासून बोटेटोर्ट, १७७२पासून फिनकॅसल आणि १७७७पासून माँटगोमेरी काउंटीत पडतात. कुटुंब हललं नाही, हद्द हलली. नॉर्थ कॅरोलायनातली रोवन काउंटी १७५३मध्ये अ‍ॅन्सनमधून निघाली आणि रोवनमधून १७७१मध्ये सरी. त्यामुळे ‘चार ठिकाणी स्थलांतर’ असं लिहिलेल्या कित्येक वंशावळींत प्रत्यक्षात एकच घर आणि एकच ओढा असतो. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा काउंटी हद्दींचा ऐतिहासिक नकाशा फुकट आहे. तो शेजारच्या खिडकीत उघडा ठेवल्याशिवाय फॅमिलीसर्चवर एकही बुक उघडू नये.

आता खत वाचायचं कसं. समजा, जेकब मिलर नावाच्या माणसाचा माग काढायचा आहे. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग शेननडोह खोऱ्यातून कॅरोलायनाकडे उतरणाऱ्या बैलगाडी-घोडागाडीच्या मोठ्या रस्त्याने अशी हजारो घराणी गेली. आकडे आणि सीमा नंतर, आधी पहिली ओळ वाचावी: ‘अमुक काउंटीचा जेकब मिलर’. जमीन ऑगस्टा काउंटीतली आणि लिहून देणारा रोवन काउंटीचा, असं दिसलं की स्थलांतराचा पुरावा हातात आला. घेतानाचं खत माणूस कुठून आला ते सांगतं आणि शेवटचं विक्रीखत तो कुठे गेला ते. म्हणून कुटुंब गाव सोडून गेल्यावरची दहा-पंधरा वर्षं जुन्याच काउंटीची बुकं चाळावीत. बहुतेक लोक ती चाळत नाहीत आणि दुवा तिथेच पडून राहतो.

बायकोचं नाव घेताना नसतं, विकताना असतं. पतीच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागावर विधवेचा हयातभर हक्क असे. तो सोडल्याचं तिच्याकडून वेगळं, नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारून घेतलं जाई. ती कचेरीत येऊ शकत नसेल तर ती राहते तिथल्या न्यायाधीशांना तसा हुकूम पाठवत आणि तो खतामागे नोंदवत. कुटुंब आधीच दूर गेलं असेल तर हुकमावर नव्या काउंटीचं नाव येतं. खत संपलं म्हणून पान उलटू नये, पुढचं अर्धं पान वाचावं. काउंटीत दोन जेकब मिलर असतील तर बायकोचं नाव, ओढ्याचं नाव आणि सहीऐवजीची निशाणी या तिन्हींवरून ते वेगळे काढता येतात. फक्त लक्षात ठेवावं की बुकातलं खत ही कारकुनाने उतरवलेली नक्कल आहे. मूळ कागद लिहून घेणाऱ्याकडे गेला, त्यामुळे बुकातली सही त्या माणसाच्या हातची नसते. निशाणीची आकृती कारकुनाने काढून ठेवली असेल तेवढीच मिळते.

विकलेली जमीन घेतल्याचं खत कुठेच नसेल तर त्यात मोठा अर्थ आहे. जमीन सरकारने थेट दिलेली असेल, बायकोच्या माहेराकडून आली असेल किंवा वारशाने. व्हर्जिनियात १७८७पर्यंत मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला जाई. म्हणजे असं एक विक्रीखत बापाचं नाव आणि विकणारा थोरला असल्याचं, दोन्ही सुचवू शकतं. आणि सगळ्यांत श्रीमंत कागद म्हणजे वारसांनी मिळून केलेलं विक्रीखत. सूचीत फक्त पहिल्या भावाचं नाव आणि पुढे ‘व इतर’ एवढंच असतं. आत मात्र सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणी, त्यांचे नवरे, आणि कोण केंटकीत, कोण टेनेसीत हे एका पानावर येतं. ‘व इतर’ दिसलं की ते पान उघडावंच.

दोन सापळे नीट ओळखावेत. व्हर्जिनियात अठराव्या शतकात एकाच विक्रीचे लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन कागद होत. पहिला नाममात्र, बहुधा पाच शिलिंगांचा भाडेपट्टा, दुसरा खऱ्या किमतीचा. हे दोन व्यवहार नव्हेत. दुसरं तारखांचं. १७५२पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७४०/४१ असं जोडवर्ष लिहिलेलं दिसतं. आपल्या कागदांतले शक, फसली, सुहूर यांचा मेळ घालणाऱ्याला हे जड नाही, पण संकेतस्थळाच्या सूचीत एकच वर्ष भरलेलं असतं. खताची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी टिपावी, दोहोंत कधी कित्येक वर्षांचं अंतर असतं.

चतुःसीमा झाडं, दगड, ओढे यांच्यावरून दिलेल्या असतात: पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पश्चिम, १२० पोल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी ६६ फुटांची, १६० चौरस पोलांचा एक एकर. आलेखकागदावर रेषा काढत गेलं की आकृती सुरुवातीच्या झाडाशी येऊन बंद व्हायला हवी. फार मोठी फट राहिली तर कारकुनाने बहुधा एखादी बाजू गाळलेली असते. दोन-चार शेजाऱ्यांची शेतं जोडून काढली तर कोण कोणाच्या बांधाला होतं ते दिसतं, आणि स्थलांतरात हेच बांधकरी बरोबर निघालेले असतात. पुढच्या काउंटीत आडनाव सापडेना झालं तर आधी शेजाऱ्यांना शोधावं.

विवाहनोंदींमध्ये फॅमिलीसर्चची सूची सोयीची आहे, पण ती अर्धवट माहिती देते. सूचीत दोन नावं आणि एक तारीख. ती तारीख बहुधा हमीपत्राची असते, लग्नाची नव्हे. नवरा आणि जामीन यांनी लग्नाला कायदेशीर अडचण नसल्याची हमी दिली, इतकाच त्याचा अर्थ. लग्न लागल्याचं कळतं ते पाद्र्याने कचेरीत भरलेल्या यादीवरून. म्हणून चित्र उघडून जामिनाचं नाव घ्यावं. तो पुष्कळदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो. एकवीस वर्षांखालील मुलीसाठी बापाची संमतीची चिठ्ठी जोडलेली असेल तर माहेर पक्कं. हमीपत्र सहसा मुलीच्या काउंटीत होई, तेव्हा शोधही तिथेच. नॉर्थ कॅरोलायनात ही पद्धत १७४१ ते १८६८ अशी चालली. व्हर्जिनियात १८५३पासूनच्या राज्यनोंदीत दोघांच्याही आई-बापांची नावं मिळतात. पेनसिल्व्हेनियात काउंटीचे परवाने १८८५पासूनच आणि साउथ कॅरोलायनात १९११पासून, त्यामुळे तिथल्या अठराव्या शतकातल्या लग्नांसाठी चर्चची दप्तरं आणि वारसांची खतं हाच मार्ग. तिथे विवाहनोंद शोधत दिवस घालवू नयेत.

याच बुकांत गुलाम केलेल्या माणसांची खरेदी, बक्षीसपत्रं आणि गहाणखतंही आहेत, त्यांच्या पहिल्या नावांसह. ही नावं सहसा सूचीत येत नसत. संपूर्ण मजकुराच्या शोधाने ती आता थेट शोधता येतात. ज्या घराची दुसरी बाजू आफ्रिकी-अमेरिकी आहे त्यांच्यासाठी या सेवेचं मोल सर्वांत मोठं आहे. तिथे मालकाच्या आडनावाने आणि व्यक्तीच्या पहिल्या नावाने मिळून शोध घ्यावा.

उणिवाही स्पष्ट आहेत. काही रिळं करारांमुळे फक्त फॅमिलीसर्चच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांतच उघडतात, घरच्या वायफायवर नाहीत. अशा वेळी बुक आणि पानाचा क्रमांक घेऊन थेट कचेरीकडे नक्कल मागावी. व्हर्जिनियात ती सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे, नॉर्थ कॅरोलायनात रजिस्टर ऑफ डीड्सकडे. फोन करायचा तर इंदुरात रात्री आठनंतर, कारण तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. दप्तरं जळालेल्या काउंट्यांना इलाज नाही. व्हर्जिनियातल्या हॅनोव्हरसारख्या काही काउंट्यांची दप्तरं यादवी युद्धात सुरक्षित म्हणून रिचमंडला नेली आणि १८६५च्या एप्रिलमध्ये तिथेच जळाली. ऑगस्टाची मात्र १७४५पासूनची शाबूत आहेत. ओहायो, मिसूरी, अलाबामा अशा, जिथली जमीन आधी केंद्र सरकारची होती त्या राज्यांत सरकारकडून मिळालेल्या पहिल्या मालकीचे कागद फॅमिलीसर्चवर शोधण्यापेक्षा अमेरिकी भूव्यवस्थापन विभागाच्या मोफत संकेतस्थळावर लवकर मिळतात. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी त्यात नाहीत.

काम लॅपटॉपवरच करावं, मोबाइलवर जुनं अक्षर लागत नाही. प्रत्येक पानाची प्रतिमा उतरवून फाइलच्या नावात काउंटी, बुक, पान आणि वर्ष लगेच घालावं.