टिनटिन आधी घ्यावा की अ‍ॅस्टेरिक्स?

पुस्तकांच्या दुकानात हे दोन चित्रकथांचे नायक बहुधा एकाच फळीवर असतात. पुस्तकांचा आकार सारखा, दोघांचीही मूळ भाषा फ्रेंच, दोघांबरोबर एकेक छोटा पांढरा कुत्रा. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी यातलं कोणतंही उचललं तरी चालेल, असं आईबाबांना वाटतं. माझं मत तसं नाही. मूल मराठी माध्यमात शिकत असेल आणि इंग्रजी अजून बोट ठेवून वाचत असेल, तर पहिलं पुस्तक टिनटिनचंच घ्या. अ‍ॅस्टेरिक्स दोन-तीन वर्षांनी घ्या, पण नक्की घ्या.

कारण सोपं आहे. टिनटिनमधला विनोद चित्रात घडतो, अ‍ॅस्टेरिक्समधला बराचसा शब्दांत.

‘द कॅल्क्युलस अफेअर’मध्ये टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक याच्या अंगाला चिकटपट्टीचा एक तुकडा लागतो. तो झटकतो, तर पट्टी बसमधल्या दुसऱ्याला चिकटते, तिथून तिसऱ्याला, आणि फिरत फिरत परत कॅप्टनकडेच येते. हे समजायला एकही शब्द वाचावा लागत नाही. माझ्या भाचीनं ते पान वाचलं तेव्हा तिला धड पाच ओळी इंग्रजी सलग वाचता येत नव्हतं. पण ती हसली, मग परत मागे जाऊन फुग्यांतले शब्द लावायला लागली. मुलाला भाषा येण्याआधी गोष्ट कळली, की भाषा शिकायची गरज त्यालाच वाटते.

टिनटिनचे जनक एर्जे, म्हणजे ब्रसेल्सचे जॉर्ज रेमी. १० जानेवारी १९२९ रोजी एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन पहिल्यांदा छापला गेला. गोष्टी हप्त्याहप्त्यानं येत, म्हणून पान संपताना काहीतरी अडकवून ठेवायची सवय एर्जेंना लागली: दार उघडतं, दोरी तुटते, कुणीतरी पाठीमागे उभं असतं. आज ६२ पानांचं पुस्तक सलग हातात आलं तरी ती ओढ टिकून आहे. रेषा स्वच्छ आणि एकसारख्या जाडीच्या, सावल्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे लहान मुलाची नजर कुठे हरवत नाही. इंग्रजी आवृत्तीतली अक्षरंही लहान-मोठी, हातानं लिहिल्यासारखी आहेत. अ‍ॅस्टेरिक्समध्ये मात्र सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत असतो. नव्या वाचकाला याचा त्रास होतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

एर्जेंचा अभ्यासही मुलांना नकळत काहीतरी देऊन जातो. १९३४ मध्ये ब्रसेल्सला शिकायला आलेल्या झांग चोंगरेन या चिनी तरुणाशी त्यांची ओळख झाली आणि ‘द ब्ल्यू लोटस’ या टिनटिनच्या पुस्तकातला चीन ऐकीव राहिला नाही. चंद्रावरची दोन पुस्तकं १९५३ आणि १९५४ मध्ये निघाली, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या पावलाआधी १५ वर्षं. त्यात यानातलं गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं आणि हॅडॉकच्या पेल्यातली व्हिस्की गोळा होऊन तरंगते. विज्ञानाच्या तासाला जे नुसतं पाठ करावं लागतं, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आपल्याकडच्या मुलांना ‘टिनटिन इन तिबेट’ विशेष जवळचं वाटतं. पाटण्याहून काठमांडूला निघालेलं विमान हिमालयात कोसळतं आणि त्यातला मित्र जिवंत आहे या एका भरवशावर टिनटिन निघतो. वाटेत दिल्ली लागते, कुतुबमिनार, लाल किल्ला, रस्त्यात बसलेली गाय, आणि त्या गायीवर स्वार होऊन निघालेले हॅडॉक. या पुस्तकात खलनायक नाही. एका प्रसंगी कड्यावरून दोरीला लोंबकळणारा कॅप्टन, निदान टिनटिन तरी वाचावा म्हणून, स्वतःचीच दोरी कापायला निघतो. मुलं त्या पानावर गप्प होतात. मी आजही होतो.

टिनटिनच्या काही पुस्तकांबाबत मात्र सावध राहा. ‘टिनटिन इन द काँगो’ मुलाच्या हाती एकटं देऊ नका. बेल्जियमच्या वसाहतीतल्या आफ्रिकी माणसांचं त्यातलं चित्रण अपमानास्पद आहे. मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की ते शेजारी बसवून वाचा, वसाहत म्हणजे काय हे सांगायला ते उपयोगी पडेल. शिवाय दारू आणि बंदुका जवळजवळ सगळीकडे आहेत. त्या मानानं अ‍ॅस्टेरिक्स निर्धोक आहे. रोमन सैनिक मार खाऊन हवेत उडतात, सुजतात, पण मरत कुणी नाही.

आता अ‍ॅस्टेरिक्सकडे. रने गोसिनी यांचं लेखन आणि आल्बेर उदेर्झो यांची चित्रं. सुरुवात २९ ऑक्टोबर १९५९ रोजी, ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात. इसवी सनापूर्वी ५० मध्ये सगळा गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, रोमन सेनानी सीझरच्या ताब्यात आहे, फक्त समुद्रकाठचं अ‍ॅस्टेरिक्सचं गाव सोडून. मारामारी, रानडुकरं आणि बुडणारे चाचे लहान मुलालाही कळतात. पण अर्धी गंमत नावांतच आहे. फ्रेंचमध्ये कुत्र्याचं नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेला विचार. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज या अनुवादकांनी इंग्रजीत त्याला डॉगमॅटिक्स केलं: हटवादीपणाही आला आणि ‘डॉग’ही आला. कोटी एका भाषेतून दुसरीत नेणं किती अवघड असतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. या दोघांनी ते पानोपानी साधलं. पण हे हसू वाटण्यासाठी इंग्रजी कानात मुरलेली हवी. नऊ वर्षांच्या मुलाला कोटी समजावून सांगायची वेळ आली की ती तिथेच मरते.

बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र अ‍ॅस्टेरिक्ससारखं दुसरं काही नाही. ‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’मध्ये सीझर लढाई सोडतो आणि गावाभोवतीचं जंगल तोडून रोमनांसाठी वसाहत बांधायला घेतो. सुखसोयींच्या जाहिराती, वाढणारे भाव, आणि नव्या गिऱ्हाइकांच्या आशेनं एकामागून एक दुकानं थाटणारे गावकरी! हे पुस्तक १९७१ चं आहे, पण हिंजवडी किंवा घोडबंदर रोड वाढताना पाहिलेल्या मुलाला त्यातलं काहीच परकं वाटणार नाही.

खरेदी करताना गोसिनींनी लिहिलेली पुस्तकं निवडा. १९७७ मध्ये ते गेले. त्यांच्या २४ गोष्टींची जात वेगळीच आहे. भारतात घडते म्हणून ‘अ‍ॅस्टेरिक्स अँड द मॅजिक कार्पेट’ घेण्याचा मोह होतो, पण १९८७ चं ते पुस्तक उदेर्झोंनी एकट्यानं केलेलं आहे आणि पहिली ओळख म्हणून फिकं पडतं. त्याऐवजी ‘अ‍ॅस्टेरिक्स अँड क्लिओपात्रा’ घ्या. अलीकडे अमेरिकेसाठी केलेला वेगळा इंग्रजी अनुवादही मिळतो, म्हणून आत बेल आणि हॉक्रिज ही नावं आहेत ना, ते बघून घ्या.

टिनटिनचं म्हणाल तर तीन गोष्टी एकत्र बांधलेली छोट्या आकाराची आवृत्ती स्वस्त पडते, पण चौकटी इतक्या आकसतात की चित्रांचा जीव जातो. मोठ्या आकाराची सुटी प्रत घ्या, मग जुनी चालेल. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी शोधाशोध केली की एखादी सापडते. सुरुवात ‘द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न’नं करा आणि ‘रेड रॅकहॅम्स ट्रेझर’ घरात आणूनच ठेवा. पहिल्यात गोष्ट संपत नाही, आणि दुसरं हाताशी नसेल तर रात्री मूल झोपू देणार नाही.

मुलींसाठी घेणाऱ्यांना एक सांगायला हवं. दोन्हीकडे लक्षात राहणाऱ्या बाया फार कमी आहेत. टिनटिनमध्ये गायिका कास्टाफिओरे सोडली तर जवळजवळ कुणी नाही. माझ्या भाचीनं दुसऱ्याच पुस्तकाला विचारलं, ‘मामा, यात मुली का नाहीत?’ माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तिनं वहीत स्वतःच एक काढली, टिनटिनसारखाच केसांचा तुरा असलेली, आणि तिला विमान चालवायला दिलं.