टेली-मानस १४४१६: मराठीतून मिळालेला पहिला आधार

धाकट्या भावाची झोप पहाटे तीनलाच मोडू लागली, अन्नावरची वासना उडाली आणि क्रिकेटचा सामना सुरू असतानाही तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, तेव्हा घरातील सर्वांनी त्याला आळशी ठरवले. त्यात मीही होतो. अशी अवस्था दोन आठवडे टिकल्यास नैराश्य या आजाराची शक्यता तपासून घ्यावी, हे मला केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेशी बोलताना समजले.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. भाषा निवडता येत असल्यामुळे ‘कशातच जीव रमत नाही’ हे त्याच शब्दांत सांगता आले, आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. समुपदेशक बाईंनी अजिबात घाई केली नाही. भावाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारावे, कारण विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत, असे त्यांनी सांगितले. (तो प्रश्न विचारायला मला दोन दिवस लागले.)

मर्यादा अर्थातच आहेत. थायरॉइडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसू शकतात आणि ती तपासणी दूरध्वनीवर होत नाही, त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांची प्रत्यक्ष भेट टळत नाही. आम्हीही जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या काळात १४४१६ हा क्रमांक भाऊ स्वतःच फिरवत असे.